स्लॅबखाली कोण झोपतं?

२२ फेब्रुवारी २०२५ चा शनिवार माझ्या चांगला लक्षात आहे. सुट्टी होती, उशिरा उठलो, चहाचा कप घेऊन मोबाईल उघडला तर गावाकडच्या ग्रुपवर एकच बातमी फिरत होती. जाफराबाद तालुक्यात पासोडी-चांडोळ भागात पुलाचं काम चालू होतं. तिथले मजूर कामाजवळच पत्र्याच्या शेडमध्ये झोपले होते. पहाटे वाळूचा टिपर आला आणि आत माणसं आहेत हे न बघता वाळू थेट शेडवर ओतली गेली. पाच मजूर वाळूखाली दबून गेले. एक बाई आणि एक मुलगी तेवढी जिवंत बाहेर काढता आली.

जाफराबाद म्हणजे आमच्या भोकरदनच्या शेजारचा तालुका. विधानसभेचा मतदारसंघसुद्धा एकच. त्यामुळे ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. वाळू चोरीची, ड्रायव्हरला सोडू नका, ठेकेदाराला आत टाका, तहसीलदार झोपले होते काय... वगैरे वगैरे. यातलं बरंचसं खरंही असेल. पण मी ते वाचता वाचता थांबलो, कारण मला एक फोटो आठवला. दोन दिवसांपूर्वी माझ्याच मोबाईलवर आलेला.

तर झालं असं होतं, की भोकरदनला आमच्या घरावर पहिला मजला चढवायचं काम चालू होतं. मी नोकरीनिमित्त पुण्यात, म्हणजे सगळी धावपळ नानांची (आमचे वडील) आणि माझं काम फक्त पैसे पाठवणं आणि फोनवरून अक्कल शिकवणं. गुरुवारी स्लॅब पडला. सकाळी सातला मिक्सर आणि लिफ्ट आली, वीस-बावीस माणसं, संध्याकाळी पाचला पेढे. नानांनी आठ-दहा फोटो टाकले. मी सगळ्यांना अंगठा दाखवला. त्यातल्या एका फोटोत सेंट्रिंगच्या बल्ल्यांचं जंगल होतं, आणि त्या बल्ल्यांच्या मधोमध एक वाकळ पसरलेली, बाजूला चूल, आणि एका बल्लीला बांधलेल्या दोरीवर लहान मुलीचा फ्रॉक वाळत घातलेला.

म्हणजे कामावरची जोडी, नवरा-बायको आणि त्यांची चार-पाच वर्षांची पोरगी, त्या ओल्या स्लॅबच्या खाली राहत होती. वरती पाणी मारायला माणूस लागतो, म्हणून मिस्त्रींनी त्यांना तिथेच ठेवलं होतं. मला तो फ्रॉक दिसला होता. गुरुवारीच दिसला होता. आणि मी अंगठा दाखवून पुढच्या मीटिंगला गेलो होतो.

हे लिहायला लाज वाटते, पण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे म्हणून आधी सांगून टाकलं.

शनिवारी लगेच घरी फोन लावला.

"नाना, ते जोडपं स्लॅबखाली झोपतं का?"

"हो, मग? वर सावली आहे, थंडीवारा लागत नाही. त्यांनीच जागा निवडली."

"तिथं नका झोपू देऊ त्यांना."

"अरे काय होत नाही. मिस्त्री तीस वर्षांपासून स्लॅब टाकतोय."

मिस्त्री तिथेच होते. त्यांनी फोन घेतला. "भाऊ, तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला टेन्शन लई. बल्ल्या मी सोता मोजून लावल्यात. माणसं खालीच झोपतेत समदीकडं. काय होत नाही."

आता खरं सांगायचं तर मिस्त्री खोटं बोलत नव्हते. सेंट्रिंग कोसळण्याचे बहुतेक अपघात काँक्रीट ओतताना होतात, स्लॅब पडून गेल्यावर कमी. पण मी मनातल्या मनात हिशोब केला. आमचा स्लॅब सहाशे चौरस फुटांचा, जाडी पाच इंच. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण अडीच टन. म्हणजे नुसता स्लॅब सतरा टनांचा, बीम वेगळे. त्याच्यावर आळी करून भरलेलं पाणी. आणि काँक्रीट सात दिवसांत आपल्या अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीच्या दोन-तृतीयांशापर्यंत कसंबसं पोचतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्यात फार दम नसतो. तोवर ते सगळं वजन तोलतात त्या बल्ल्या. बल्ल्या लाकडाच्या, वेगवेगळ्या जाडीच्या, खाली विटेचा तुकडा नाहीतर पाचर ठोकलेली. रात्री पोरगी उठली, अंधारात पाय लागून एक पाचर निसटली, तर? बहुतेक वेळा काहीच होणार नाही. पण हा "बहुतेक" त्या पोरीच्या डोक्यावर टांगून ठेवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

इथे थोडं माझ्या धंद्याचं सांगतो, कारण मला ही गोष्ट तिथूनच कळली. सॉफ्टवेअरमध्ये "आजपर्यंत चाललंय ना, मग ठीक आहे" असं म्हणणारा माणूस दर टीममध्ये एक असतो. आणि एखाद्या शुक्रवारी रात्री सगळं बंद पडतं तेव्हा कळतं, की ते चालत होतं म्हणजे बरोबर होतं असं नाही, फक्त अजून नडलं नव्हतं. दुसरी गोष्ट. एखाद्या नवीन पोराकडून चुकून ग्राहकाचा सगळा डेटा उडाला, तर चांगली कंपनी त्या पोराला शिव्या घालून थांबत नाही. एका माणसाच्या एका चुकीने सगळा डेटा उडू शकतो अशी व्यवस्था ठेवली कुणी, हे ती विचारते. माणूस चुकणारच. झोपेत असेल, घाईत असेल, नवीन असेल. तो चुकला तरी कुणी मरू नये, अशी मांडणी आधी करून ठेवायची असते.

आता पुन्हा पासोडीकडे बघा. ड्रायव्हर दोषी असेल तर त्याला शिक्षा व्हावी, त्यात दुमत नाही. पण पहाटेच्या अंधारात, झोपेने जड झालेला एक माणूस चुकला आणि पाच माणसं गेली. एक ब्रास वाळू म्हणजे शंभर घनफूट, चार टनांच्या पुढेच भरते. टिपरमध्ये अशी तीन-चार ब्रास सहज मावते. एवढं वजन जिथे ओतलं जाऊ शकतं, तिथे पत्र्याचं शेड उभं करायचं कुणी ठरवलं? रात्री माल उतरवायचा कुणी ठरवलं? शेड आणि वाळूची जागा यांच्यामध्ये दगडांचा एक बांध, एक दिवा, एक जागा माणूस, यातलं काहीच का नव्हतं? हे प्रश्न ड्रायव्हर गाडीत बसण्याच्या कित्येक दिवस आधीचे आहेत. त्यांची उत्तरं त्याच्याकडे नाहीत.

आणि हे काही पहिल्यांदा झालं नाही. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत पावसात कोसळली. भिंतीला लागून मजुरांच्या झोपड्या होत्या. १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. तीनच दिवसांनी आंबेगावात तसंच, भिंत आणि तिच्या खाली झोपड्या, सहा जण गेले. २० ऑगस्ट २०२१ ला सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिपर उलटला. त्यात सळया भरलेल्या आणि सळयांबरोबर मजूर बसलेले. १३ जण गेले. सिंदखेडराजा म्हणजे जालन्याहून हाकेच्या अंतरावर.

या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. यातलं कुणीही मेलं तेव्हा काम करत नव्हतं. झोपलेले होते नाहीतर गाडीत बसून चालले होते. त्यांच्या डोक्यावर जगातलं सगळ्यात भारी हेल्मेट असतं तरी काही उपयोग झाला नसता.

आपल्याकडे सुरक्षा म्हटलं की हेल्मेट, पिवळं जॅकेट, आणि "सुरक्षित रहा, घरी कुणी तरी वाट बघतंय" असा बोर्ड. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची पेटी आता गावोगावी माहीत आहे. त्यात हेल्मेट, बूट, पट्टा असं सगळं असतं. वाईट नाही, मिळायलाच पाहिजे. पण या विषयातली जाणकार मंडळी जी उतरंड सांगतात तिच्यात हेल्मेटचा नंबर शेवटचा आहे. पहिला नंबर धोकाच काढून टाकण्याचा (भिंतीखाली झोपडी नकोच). ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय. तेही नसेल तर मध्ये आडोसा, कठडा, जाळी. मग नियम आणि देखरेख. आणि हे सगळं करूनही जे उरतं त्याच्यासाठी हेल्मेट. आपण बरोबर उलट्या टोकाने सुरुवात करतो, कारण वरच्या पायऱ्यांवर पैसा, जागा आणि विचार मालकाचा लागतो, आणि शेवटच्या पायरीवर सगळी जबाबदारी मजुराची. "हेल्मेट दिलं होतं, त्यानं घातलं नाही" म्हटलं की विषय संपला!

बरं, कायदा काय म्हणतो? बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात पाणी, संडास, आणि कामाच्या जागी किंवा जवळ राहायची तात्पुरती सोय मालकाने फुकट द्यायची, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम त्यातून वगळलेलं. आमचं काम नऊ लाखांचं. म्हणजे आम्ही सुटलो! २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन त्याच्या जागी सुरक्षा आणि आरोग्याची नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यात स्वतःच्या घरासाठी ही मर्यादा पन्नास लाख आहे, आणि दहापेक्षा कमी माणसांचं कामही बाहेर. आता मला सांगा, भोकरदनमध्ये, हसनाबादला, राजूरला, पिंपळगाव रेणुकाईला जी घरं बांधली जातात त्यातली पन्नास लाखांच्या वरची किती असतील?

म्हणजे आमच्या तालुक्यातलं जवळजवळ प्रत्येक घर अशा जागेवर बांधलं जातं जिथे कुणी इन्स्पेक्टर येणार नाही, कुणी सेफ्टी ऑफिसर नाही, ठेकेदार म्हणजे मिस्त्रीच. मग तिथे उरतं कोण? ज्याच्या घराचं काम चालू आहे तो. म्हणजे आमचे नाना. म्हणजे पैसे पाठवणारा मी.

हे वाचून कुणी म्हणेल, आम्हाला काय त्यातलं कळतं, आम्ही साधे घरमालक. मलाही आधी तसंच वाटायचं. पण ब्रिटनमध्ये १९९४ मध्ये बांधकाम सुरक्षेचे जे नियम आले, त्यांनी हीच पळवाट बुजवली. काम करवून घेणारा मालक, डिझाईन करणारा आणि ठेकेदार अशा तिघांवरही कायद्याने जबाबदारी टाकली. कारण सरळ आहे. काम किती दिवसांत संपवायचं, किती पैशात करायचं, जागा कुठली द्यायची हे मालक ठरवतो, आणि बरेचसे अपघात त्याच तीन गोष्टींतून जन्म घेतात. २०१५ पासून ते नियम साध्या घरमालकांच्या कामांनाही लागू झाले, फक्त तिथे मालकाची जबाबदारी बहुतेक वेळा ठेकेदाराकडे जाते. त्याच देशात २०१२ च्या ऑलिंपिकसाठी एवढी मोठी मैदानं उभी राहिली आणि त्या बांधकामात एकही मजूर अपघातात मेला नाही. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. तिथे आधी विचार करायची सक्ती आहे, एवढंच.

असो. आता कामाचं बोलू. त्या सोमवारी मी रजा टाकून घरी गेलो आणि दोन दिवस मिस्त्रींच्या मागे मागे फिरलो. त्यांना माझा वैताग आला असणार. पण मला जे कळलं ते इथे लिहून ठेवतो, कुणाच्या घराचं काम निघालं तर उपयोगी पडेल.

१. झोपायची जागा. काम सुरू व्हायच्या आधी विचारा, की राहणार कोण आणि कुठे. सेंट्रिंगखाली नाही, भिंतीच्या कडेला नाही, खोदलेल्या खड्ड्याजवळ नाही, गाडी मागे येते त्या वाटेवर नाही. हे चार नकार पाठ करा.

२. माल उतरवणं. वाळू, खडी, विटा दिवसाउजेडी घ्या. ट्रॅक्टर असो की टिपर, मागे घेताना खाली एक माणूस उभा हवा, आणि लहान पोरं कुठे आहेत हे नजरेने मोजल्याशिवाय गाडी मागे येऊ द्यायची नाही. वाळूच्या ढिगावर पोरं खेळतात, गाडी त्याच ढिगाकडे येते. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसतं, हे गृहीत धरूनच चाला.

३. वीज. गावात घरांच्या अगदी जवळून तारा जातात. खाली असताना लांब वाटणारी तार पहिला मजला चढवला की हाताशी येते. सळई बारा मीटरची असते, ती उभी करून वर ओढताना तिचं दुसरं टोक कुठे जातं याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तार जवळ असेल तर काम सुरू करायच्या आधी महावितरणच्या ऑफिसात अर्ज द्या. चार चकरा होतील, होऊ द्या. आणि आकडा टाकून, नाहीतर प्लगच्या भोकात उघडी वायर काडीने खोचून मिक्सर, व्हायब्रेटर चालवायचा नाही. ओल्या जागी काम, पाय अनवाणी. गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच (दुकानात आरसीसीबी म्हणून मागा, तीस मिलीअँपचा) बसवून घ्या. स्लॅबच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे, आणि नंतर तो घरालाही राहतो.

४. कडा आणि जिना. स्लॅबला कठडा नसतो, जिन्याला रेलिंग नसतं, डक्ट उघडी असते. "एक मजला तर आहे" असं आपण म्हणतो. तीन मीटरवरून पडायला पाऊण सेकंद लागतो, आणि माणूस जमिनीवर आदळतो तो ताशी सत्तावीस किलोमीटरच्या वेगाने. दोन आडव्या बल्ल्या बांधल्या की कठडा होतो. डक्टवर फळ्या टाकून त्या ठोकून टाका, नुसत्या ठेवू नका. परांचीच्या फळ्या दोन्ही टोकांना बांधलेल्या हव्यात. आमच्याकडे हे सगळं दीड तासात झालं, सामान सगळं तिथेच पडलेलं होतं. म्हणजे अडलं होतं कशावर? कुणी तरी "करा" म्हणण्यावर.

५. खड्डे आणि विहिरी. हा खास आमच्या भागाचा विषय. दर उन्हाळ्यात तालुक्यात विहिरींची कामं निघतात. वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्या खाली दगड. वरची माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि माणसाला फसवते. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत जरी दबला तरी माणसाला श्वास घेता येत नाही. दीड मीटरपेक्षा खोल गेलं की बाजूंना उतार द्या नाहीतर आधार द्या, हा जगभर चालणारा नियम आहे. काढलेली माती काठावरच रचायची नाही. यारीचा दोर आणि ब्रेक रोज सकाळी बघायचा, आणि यारीने माणसांची ने-आण करायची नाही. सुरुंग उडवल्यावर लगेच खाली उतरायचं नाही, सैल झालेले दगड आधी वरून पाडून घ्यायचे.

६. ऊन, पाणी, संडास. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवा, सकाळी लवकर सुरू करा. पिण्याच्या पाण्याचा माठ वेगळा हवा, क्युरिंगच्या टाकीतलं पाणी नव्हे. आणि संडास. कामावर बायका असतात. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. चक्कर येऊन पडलेली बाई "उन्हानं पडली" असं आपण म्हणतो, पण तिचं अर्धं कारण आपल्या घराच्या बंद दाराआड असतं.

बंद दारावरून आठवलं. शनिवारच्या त्या फोनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

मी नानांना म्हटलं, त्यांना आपल्या ओसरीत झोपू द्या. पलीकडे बराच वेळ शांतता. मग नाना म्हणाले, "ओसरीत?" नुसतं तेवढंच. आता आमचे नाना काही वाईट माणूस नाहीत. मजुरांचे पैसे त्यांनी कधी एक दिवस उशिरा दिले नाहीत. रोज चहा दोन वेळा. पण ओसरी म्हणजे घर. कोण, कुठले, कुणाचे, हे माहीत नसलेली माणसं घरात झोपणार, बाहेरच्या बाथरूमला जाणार, सकाळी शेजारी बघणार. ते हे बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पण दोघांनाही कळलं होतं, की अडचण बल्ल्यांच्या ताकदीची राहिलेली नाही.

शेवटी आई म्हणाली (फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा कळलं), "अरे लेकरू आहे त्यांच्याजवळ. राहू द्या. मी सतरंजी काढते."

झालं. संध्याकाळी ते तिघं खाली आले.

मी सोमवारी पोचलो तेव्हा ती पोरगी ओसरीत आईच्या पाटावर बसून पोळी खात होती. मी नानांची हिशोबाची वही चाळली. सिमेंटच्या गोण्या, सळईचे किलो, वाळूचे ब्रास, तारीखवार सगळं व्यवस्थित. मजुरांच्या पानावर मात्र "मिस्त्री", "बिगारी ३", "जोडी १". नाव कुणाचंच नाही. आमचं गाव जुनं, त्याचं नाव एके काळी भोगवर्धन होतं. दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्या भोगवर्धनच्या लोकांची नोंद तिथल्या दगडांवर कोरलेली आहे. तिथे ते दगड वाहणारे कोण होते ते आपल्याला माहीत नाही, आणि आमच्या वहीतही तेच चालू होतं. मी त्या जोडीला त्यांची नावं विचारली, घरी कुणाचा फोन लागतो तो नंबर घेतला आणि वहीत लिहिला. काही झालंच, तर कळवायचं कुणाला हेसुद्धा तोवर आम्हाला माहीत नव्हतं.

आमचा स्लॅब पडला नाही. आज त्याच्यावर पाण्याची टाकी आहे आणि त्याच्याखाली माझी खोली. मिस्त्री भेटले की हसून म्हणतात, "काय भाऊ, पडला का स्लॅब?" मी पण हसतो. त्यांचं बरोबरच आहे, तो पडणार नव्हता. पासोडीच्या शेडवरही आदल्या रात्री वाळू पडली नव्हती, त्याच्या आदल्या रात्रीही नव्हती. त्यावरून सगळ्यांनी तोच निष्कर्ष काढला असणार, की काय होत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मिस्त्रींचा एकदा फोन आला होता. दुसऱ्या एका घराचं काम चालू होतं. म्हणाले, "भाऊ, इथं एक जोडी आणलीय, बारकं लेकरू आहे. मालकाला म्हटलं पोर्चमध्ये झोपू द्या, तर तो नाही म्हणतो. काय सांगू त्याला?"

मला आधी आनंद झाला, की मिस्त्री स्वतःहून विचारतायत. मग लक्षात आलं, की त्यांच्या हातात तेवढंच आहे, विचारणं. जागा त्यांची नाही. मी त्या मालकाचा नंबर मागितला आणि फोन केला. ओळख ना पाळख, चार गोष्टी ऐकून घेतल्या. "तुमच्या घरी झोपवा ना" हेही ऐकलं. शेवटी तो "बघतो" म्हणाला. पुढे त्याने काय बघितलं ते मी मिस्त्रींना दोनदा विचारलं, ते टाळतात.

तुमच्या घराचं काम निघालं, तर पहिल्या दिवशी नारळ फोडाल तेव्हा एवढं एक विचारा. रात्री इथे कोण थांबणार आहे, त्यांची नावं काय, आणि ते कुठे झोपणार आहेत. जागा ओसरीत निघाली तर घरच्यांशी थोडं भांडावं लागेल. भांडा.